पॅरामेडिकचा कोर्स नेमका कुठे अडतो?

नमस्कार मंडळी. कम्युनिटी कॉलेजातून पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्सवर औषधं, उपचार देणारा) होता येतं का, हा प्रश्न कमेंटमध्ये इतक्यांदा आलाय की आज उत्तर देऊनच टाकते. येतं. मी तसंच केलंय. मी कॅलिफोर्नियात आहे, म्हणून इथलंच सांगणार. टेक्सास, न्यू जर्सीवाल्यांनी आपल्या राज्याचे नियम बघा, खरंच वेगळे आहेत.

पायऱ्या पटापट सांगते. आधी ईएमटी, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या प्राथमिक उपचारांचा कोर्स, साधारण एका सेमिस्टरचं काम. मग ॲम्ब्युलन्सवर ईएमटी म्हणून नोकरी, कारण बरेच प्रोग्रॅम अनुभव मागतात. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी उरकून ठेवा. मग पॅरामेडिक प्रोग्रॅम: वर्ग आणि लॅब, हॉस्पिटलात किमान 160 तास, ॲम्ब्युलन्सवर किमान 480 तासांची फील्ड इंटर्नशिप. शेवटी नॅशनल रजिस्ट्रीची, म्हणजे ईएमटी-पॅरामेडिकना देशभराचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. प्रोग्रॅमला मान्यता आहे का किंवा तिची प्रक्रिया अधिकृतपणे चालू आहे का, हे आधी बघा. 2013 पासून त्याशिवाय रजिस्ट्री पॅरामेडिकच्या परीक्षेलाच बसू देत नाही. आणि हो, रजिस्ट्रीची पॅरामेडिकची प्रात्यक्षिक परीक्षा 2024 च्या मध्यात बंद झाली. जुने व्हिडिओ बघून तिच्या शीट पाठ करत बसलेल्यांनो, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे.

एका काकांची कमेंट: "एवढं शिकून शेवटी ॲम्ब्युलन्सच चालवायची ना?" काका, राग नाही, पण ऐका. महाराष्ट्रात 108 ला फोन केला की गाडीतून डॉक्टर येतो. इथे नाही येत. गाडीत मीच. ईसीजी मी काढते, मीच वाचते, औषध मीच देते. काउंटीचे (इथल्या जिल्ह्याचे) ठरलेले प्रोटोकॉल असतात, त्याबाहेरचं काही निघालं तर रेडिओवर बेस हॉस्पिटलला, म्हणजे आम्हाला सल्ला देणाऱ्या ठरलेल्या हॉस्पिटलला, विचारायचं. बाकी निर्णय माझा. आणि बहुतेक वेळा गाडी माझा ईएमटी पार्टनर चालवतो, मी मागे पेशंटजवळ असते.

आता मुद्द्याचं. मुलं अडतात कुठे? फार्मॅकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या अभ्यासात, थोडी अडतात, पण आपली मुलं घोकण्यात पटाईत. अडतात त्या 480 तासांत. तिथे किमान 40 गंभीर कॉल, म्हणजे पॅरामेडिक पातळीचे उपचार लागणारे पेशंट, भरावे लागतात. पण नुसता आकडा भरून चालत नाही. टीम लीड करून दाखवावी लागते. कॉल तुम्ही चालवायचा. आणि तो तोंडाने चालवायचा.

माझ्याकडे एक इंटर्न होता, वर्गात पहिला. एका आजीबाईंचा कॉल आला. डायबेटिस, दरदरून घाम, छातीत दुखत नाही म्हणतात, फक्त मळमळ आणि थकवा. पठ्ठ्याने बरोबर ओळखलं, हार्ट अटॅक असू शकतो. लगेच गुडघ्यावर बसून आयव्ही (शिरेतली सुई) लावायला घेतली, तीही सुरेख. पण तोंडातून चकार शब्द नाही. मदतीला आलेली फायर इंजिनवरची माणसं हाताची घडी घालून उभी, पार्टनर वाट बघतोय, बारा लीडचा ईसीजी अजून पिशवीतच. मी मुद्दाम गप्प राहिले आणि वहीत वेळ लिहिली. शेवटी पार्टनरनेच विचारलं, "लीड लावू का?" त्याने नुसती मान हलवली.

मार्क काय देऊ? ओळखलं हे मला नंतर, गाडीत विचारल्यावर कळलं. प्रिसेप्टर, म्हणजे इंटर्नला शिकवणारा आणि तपासणारा पॅरामेडिक, तुमच्या डोक्यात शिरत नाही. जे बोललात, जे करवून घेतलंत, तेवढंच फॉर्मवर चढतं.

बरं, फॉर्म सोडा. कार्डिॲक अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलेला पेशंट, घ्या. कम्प्रेशन (छाती दाबणं) मिनिटाला 100 ते 120, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, त्याच वेळी मॉनिटरवर रिदम बघायचा, एपिनेफ्रिन तीन ते पाच मिनिटांनी. हे घड्याळ कोण सांभाळणार? तुम्हीच छातीवर वाकलात तर कोणीच नाही. मॉनिटरजवळ उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं: तू कम्प्रेशन, तू श्वासाची बॅग, तू औषध काढ, पुढच्या चेकला दहा सेकंद. नाव माहीत नसेल तर बोट दाखवा. "कोणीतरी बीपी घ्या" म्हणालात की कोणीच घेत नाही. घरच्या लग्नात "कोणीतरी पाणी आणा रे" म्हटल्यावर होतं तेच.

आणि घरच्यांचं काय? मुलगी दारात थरथरत उभी असते. तिला सांगा, "आईंना ॲस्पिरिन चघळायला देतोय, ॲलर्जी आहे का? औषधांचा डबा आणा." तिला काम मिळतं, तुम्हाला औषधांची यादी मिळते. गप्प राहिलात तर ती तेच चार प्रश्न आलटूनपालटून विचारत राहते आणि तुमचा वेळ जातो.

मी एवढं तेच तेच का बोलतेय? कारण आपल्याकडे "मोठ्यांसमोर जास्त बोलू नये" अंगात मुरलेलं असतं. वीस वर्षं नोकरी झालेल्या फायर कॅप्टनला "सर, प्लीज जिना मोकळा करा" सांगायला जीभ अडखळते. त्याला काही वाटत नाही हो! तो सूचनेचीच वाट बघत असतो. लॅबमध्येच सवय लावा. पुतळ्यावर आयव्ही लावतानाही हात काय करतोय ते बोलत राहा. बाजूची पोरं हसतील, हसू द्या.

दोन कमेंट राहिल्या. फी: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटला 46 डॉलर. युनिफॉर्म, पुस्तकं, परीक्षा वेगळी. बाहेरच्यांना बरंच जास्त. दुसरी, एच-4 (एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरच्या ताईंची: शिकता येतं का? हो, शिकायला वर्क परमिट लागत नाही. नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे ते वर्क परमिट, लागतं, आणि दुसऱ्याच पायरीवर ईएमटीची नोकरी येते. म्हणून ताई, आधी नवऱ्याच्या आय-140 चं, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेल्या अर्जाचं, काय झालंय ते विचारा (एच-4 ला ईएडी सहसा त्यावरच मिळतं), मग ॲडमिशनचं बघू.