कुजुकुरीचा पहारा

[दृश्य: लांबच लांब, निर्मनुष्य वाळू]

टोकियोच्या पूर्वेला चिबा प्रांत. तिथला हा किनारा, कुजुकुरी. नावाचा अर्थ नव्याण्णव री. 'री' हे अंतराचं जुनं जपानी माप. आजच्या हिशेबाने सुमारे ६६ किलोमीटर. तारलीच्या मासेमारीसाठी नावाजलेला, आणि अगदी सपाट. बोटीतून उतरायचं की थेट वाळूवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने टोकियोवरच्या चढाईसाठी हा किनारा हेरला होता. तारीख ठरली होती १ मार्च १९४६. नकाशा बघून जपानी सेनापतींनाही ते कळत होतंच.

[दृश्य: बर्फातलं असाहिकावा]

२८ फेब्रुवारी १९४५. दूर उत्तरेला, होक्काइदोतल्या असाहिकावात १४७ वी डिव्हिजन उभी करायचा हुकूम निघाला. कसलेले शिपाई चीनमध्ये आणि पॅसिफिकच्या बेटांवर अडकलेले, नाहीतर मेलेले. मग मागे उरलेल्यांना बोलावणी गेली. वय झालेले, पूर्वी तपासणीत डावललेले, बायकापोरांचे धनी. अशा भरतीला जपानीत 'नेकोसोगी' म्हणत. मुळासकट. भुईमूग उपटतात तशी.

ही डिव्हिजन कुजुकुरीला आली. काम एकच: किनारा सोडायचा नाही. शत्रूवर तुटून पडायला वेगळ्या डिव्हिजन होत्या. या नुसत्या किनाऱ्याला चिकटवलेल्या, 'हारित्सुके'. खांबाला जखडून भाल्याने मारायची एक जुनी शिक्षा होती. जपानीत तिचाही उच्चार हाच. शिपायांच्या कानांना ते जाणवलं नसेल, असं मला वाटत नाही.

माणसं मिळाली, पण हत्यारं? शेवटी शेवटी उभ्या केलेल्या पलटणींत पाण्याच्या बाटल्यासुद्धा बांबूच्या होत्या.

[दृश्य: राजवाड्याचा खंदक]

हे सगळं सम्राट हिरोहितोंच्या कानावर गेलं. शत्रूने टाकलेल्या बॉम्बचं लोखंड वितळवून फावडी करताहेत, हे कळल्यावर युद्ध अशक्य आहे याची खात्री पटली, असं त्यांनी नंतर, १९४६ मध्ये, सांगितलं.

९ ऑगस्टची रात्र. राजवाड्याच्या भुयारी खोलीत शरणागतीवर खल चाललेला. मध्यरात्र उलटल्यावर सम्राट बोलले. त्यांचे निकटचे सल्लागार किदो कोइची यांनी ते रोजनिशीत टिपून ठेवलंय: सगळ्यात महत्त्वाच्या कुजुकुरीची तटबंदी अजून झालेली नाही, आणि निर्णायक लढाईसाठी राखलेल्या डिव्हिजननासुद्धा पुरेशी शस्त्रं मिळायला सप्टेंबरचा मध्य उलटेल.

१५ ऑगस्टला दुपारी शरणागती जाहीर करणारा सम्राटांचा आवाज रेडिओवर आला. सप्टेंबरच्या मध्याला अजून महिना होता.