दोनशेचा शिक्का

(दृश्य: टायरची कड अगदी जवळून. कॅमेरा कोरलेल्या अक्षरांवरून सरकतो.)

टायरच्या कडेवर बरंच काही कोरलेलं असतं. कंपनीचं नाव, माप, किती वजन पेलणार, कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात तयार झाला. या गर्दीतच कुठेतरी एक शब्द असतो, ट्रेडवेअर, आणि त्याच्यापुढे एक आकडा. घरच्या साध्या गाडीच्या टायरवर तो ४००-५०० च्या आसपास सापडतो. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतो. त्याच घराण्यातल्या, थेट ट्रॅकवर न्यायच्या कप २ वर १८०. आणि निव्वळ शर्यतीसाठी केलेल्या हूजियर ए ७ वर फक्त ४०.

आकडा उतरत गेला की पकड वाढत जाते, असं हे पाहून कुणालाही वाटेल. गाडीवेड्यांच्या गप्पांत तो तसाच वापरलाही जातो. ‘दोनशेवाला टाक, रस्ता सोडणार नाही.’ प्रत्यक्षात हा आकडा ठरवताना पकड कुणी मोजलेलीच नसते. मोजलेली असते ती झीज.

(दृश्य: रखरखीत माळरान, सरळ रिकामा रस्ता, लांबून येणाऱ्या चार गाड्या.)

हा पश्चिम टेक्सास. जवळचं शहर सॅन अँजेलो, आणि त्याला लागून गुडफेलो हा हवाई दलाचा तळ. इथून एक फाटा दक्षिणेला एल्डोराडो, सोनोरा, जूनो या गावांकडे जातो आणि त्याच वाटेने परत येतो. दुसरा पूर्वेला फिरून येतो, तिसरा वायव्येला वॉटर व्हॅलीच्या अंगाने. तिन्ही मिळून सुमारे ६४० किलोमीटर. अमेरिकेतल्या टायरचा ट्रेडवेअरचा आकडा या रस्त्यावर ठरतो.

गाड्यांचा छोटा ताफा निघतो. काही टायर परीक्षेला बसलेले, काही तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेले. दर १,३०० किलोमीटरनंतर खाचांची खोली मोजायची, टायरच्या जागा बदलायच्या, पुन्हा निघायचं. ६४० किलोमीटरच्या या वाटेचे १८ फेरे, एकूण जवळजवळ ११,६०० किलोमीटर. शेवटी हिशेब एवढाच, की तुलनेच्या टायरपेक्षा हा किती सावकाश झिजला. पायाचा आकडा १००. दुप्पट टिकला तर २००.

आता या रस्त्यावर गाडी चालते कशी? वेगमर्यादा पाळून, शहाण्यासारखी. वळणावर टायर किंचाळतोय, ब्रेक दाबल्यावर धूर निघतोय, असलं काही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टायरची अशी प्रतवारी करा, हे अमेरिकेच्या कायद्यात १९६६ सालीच लिहिलं गेलं. ती प्रत्यक्षात यायला सत्तरचं दशक संपावं लागलं. १९८३ मध्ये सरकारी खात्याने ट्रेडवेअरचा भाग स्थगित केला. निकाल इतके खालीवर होतात की गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल, हे कारण. ग्राहकांच्या बाजूने लढणारी मंडळी न्यायालयात गेली आणि १९८४ मध्ये न्यायालयाने ती स्थगिती बेकायदा ठरवली. मला विचाराल तर दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं होतं. आकडा डळमळीत होता, पण गिऱ्हाइकाच्या हातात दुसरं काही नव्हतंच.

आणखी एक. टायरवर हा शिक्का सरकार मारत नाही. चाचणीच्या आधारावर कंपनी स्वतः मारते. लिहिलं आहे तेवढं टायरने टिकलं पाहिजे, इतकंच बंधन. कमी लिहायला कुणाची आडकाठी नाही.

(दृश्य: खडबडीत डांबर, त्यावर हळूहळू दबत जाणारं रबर.)

मग पकड येते कुठून? डांबरातल्या खडीची बारीक टोकं रबरात घुसतात. रबर दबतं, टोक पुढे गेलं की फुगून पूर्ववत होतं, पण लगेच नाही, किंचित उशिराने. या चालढकलीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पकडीचा मोठा वाटा या वाया गेलेल्या ऊर्जेतून येतो. दुसरा वाटा रबर आणि रस्ता रेणूंच्या पातळीवर एकमेकांना चिकटतात त्याचा. रबराची पकड वेग आणि तापमान या दोहोंशी कशी बांधलेली असते, हे कार्ल ग्रॉश यांनी १९६३ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. म्हणून तर शर्यतीचा टायर थंड असताना दगडासारखा वागतो आणि तापला की रस्ता धरतो.

आता झीज. वळणावर चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि गाडी जाते जराशी दुसरीकडे. या दोन दिशांमधला कोन वाढला की टायर रस्त्यावर घासला जातो. झीज साधारण या कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोन दुप्पट, झीज चौपट. वर उष्णता आहेच. म्हणजे टेक्सासच्या सरळ रस्त्यावर सभ्यपणे टिकलेला टायर ट्रॅकवर मोजक्या दिवसांत गोटा होऊ शकतो, आणि तरी त्याच्या कडेवरचा आकडा खोटा ठरत नाही.

(दृश्य: विस्तीर्ण काँक्रीट, नारिंगी शंकू, त्यांच्यामधून वळणं घेत जाणारी गाडी.)

या फटीत कंपन्यांनी पाय रोवला. अमेरिकेत ऑटोक्रॉस नावाचा हौशी खेळ आहे. रिकाम्या धावपट्टीवर शंकू मांडायचे आणि एकेकाने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची. फेरी जेमतेम मिनिटभराची. लोक रस्त्याच्या गाडीला शर्यतीचे टायर लावून यायला लागले, तेव्हा खेळ चालवणाऱ्या एससीसीए या संस्थेने रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटासाठी अट घातली: ट्रेडवेअर किमान २००.

पुढे काय झालं असेल? ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आला, शिक्का २००. योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२ आला, शिक्का २००. २२० किंवा २४० क्वचितच. बारावीला बरोबर पस्तीस मार्क मिळवणाऱ्या हुशार पोरासारखे बहुतेक सगळे रेषेवर येऊन थांबले. नियम होता टिकाऊपणाचा, स्पर्धा लागली पकडीची.

या दुनियेत आणखी एक उलटी चाल आहे. कोरा टायर आणायचा, यंत्रावर फिरवायचा आणि त्याचं रबर तासून काढायचं. पैसे देऊन. कारण नव्या टायरच्या नक्षीतल्या उंच ठोकळ्या वळणावर डुलतात, डुलल्या की तापतात आणि आतून फाटायला लागतात. नक्षी उथळ केली की ठोकळी ताठ उभी राहते. कोरड्या रस्त्यावर अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा चांगला धरतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली होती.

पाऊस आला की मात्र सगळं फिरतं. पाणी बाजूला सारायचं काम खाचाच करतात. आपल्याकडे मोटारीच्या टायरला खाच किमान १.६ मिलिमीटर लागते, पण जुलैत घाटात साचलेल्या पाण्यावर तेवढ्या खोलीने जाणं म्हणजे जुगार. मऊ, कमी खाचांचे टायर तर मुळातच कोरड्यासाठी घडवलेले असतात.

आणि नक्षी शाबूत आहे म्हणून पकड शाबूत आहे, असंही नाही. रबर पुन्हापुन्हा तापलं आणि थंड झालं की कडक होत जातं. मापकपट्टी पास करते, वळण नापास करतं.

(दृश्य: लिंकन, नेब्रास्का. एससीसीएची राष्ट्रीय स्पर्धा. गाडी रांगेत परतते.)

एकच गाडी, दोन चालक. पहिला उतरतो, दुसरा बसतो. मधल्या दोन मिनिटांत एक जण फवारणीचा पंप घेऊन धावतो. तोच हातपंप, नळी आणि नोझल, जो आपल्याकडे औषध मारायला वापरतात. टायर जास्त तापले तर पकड ढिली पडते, म्हणून त्यांना पाणी मारायचं. पुढचा डावा, मागचा डावा, वळसा घालून उजवे दोन. काळ्या रबरावरून वाफ उठते, पाणी कडेवरून ओघळतं, २०० हा आकडा क्षणभर चकाकतो. पंपवाला हात वर करून मागे सरतो. गाडी सुटते.