रीफ टँकमधला गाळ: अडकवणं वेगळं, बाहेर काढणं वेगळं

आज बोलायचंय ते रीफ टँकमधल्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या गाळाबद्दल, ज्याला आपण सगळे डेट्रायटस म्हणतो. तुम्ही विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरंही शेवटी देतो. लाइट कुठली लावायची, कुठलं कोरल कुठे ठेवायचं यावर लोक तासन्तास बोलतात, पण दगडामागे साठलेल्या त्या तपकिरी भुकटीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आणि दोन-तीन वर्षं मस्त चाललेली टाकी हळूहळू बसते ना, कोरल फिकट पडतात, शेवाळ चढायला लागतं, त्यामागे बऱ्याचदा हीच भुकटी असते असं माझं ठाम मत आहे.

आता ही येते कुठून? न खाल्लेलं फूड, माशांची शी, मेलेलं शेवाळ, आणि या सगळ्यावर पोसलेले बॅक्टेरिया. शिवाय कोरलचा म्यूकस, म्हणजे अंगावरचा चिकट स्राव, त्याला कमी समजू नका. ऑस्ट्रेलियात हेरॉन आयलंडच्या रीफवर क्रिस्टियान विल्ड आणि त्यांच्या टीमने २००४ मध्ये दाखवलं की कोरलच्या आत राहणारं शेवाळ जेवढा कार्बन तयार करतं त्यातला अगदी निम्म्यापर्यंत भाग कोरल म्यूकस म्हणून पाण्यात सोडून देऊ शकतं. म्हणजे एकही मासा नसला तरी गाळ होणारच आहे. मग खऱ्या रीफवर तो दिसत का नाही? कारण तिथे लाटा आहेत, भरती-ओहोटी आहे आणि खाणारे आहेत. त्याच हेरॉनच्या रीफवर सी-ककंबर (तळाशी राहणारे काकडीसारखे समुद्री जीव) वर्षाला ६४,००० टनांच्या वर वाळू पोटातून काढून परत टाकतात असा अंदाज २०२१ मध्ये आला. आणि एवढं करून जे उरतं ते न्यायला मागे अख्खा समुद्र आहे. आपल्या ३०० लिटरच्या काचेला मागे भिंत आहे.

केमिस्ट्री थोडक्यात सांगतो, बऱ्याच जणांना माहितीच आहे. गाळातलं प्रोटीन कुजतं, अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि दगडाच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, तो हवेत निघून जातो. इथपर्यंत छान. पण फॉस्फेटचं काय? फॉस्फेटला असा वायू होऊन पळायचा रस्ताच नाही. तो पाण्यात राहतो नाहीतर दगडाला आणि वाळूला चिकटतो, कारण दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि मग तुम्ही जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) टाकून पाणी स्वच्छ केलंत तरी आठ दिवसांनी आकडा परत वर, कारण दगड धरून ठेवलेला फॉस्फेट सोडत बसतो. लोक म्हणतात जीएफओ बोगस निघालं. जीएफओ आपलं काम करतंय, साठाच एवढा मोठा आहे.

म्हणून कुठलंही उपकरण घ्या, मी त्याला एकच प्रश्न विचारतो, की ही वस्तू घाण टाकीच्या बाहेर नेते का, का नुसती नजरेआड ठेवते?

फिल्टर सॉकचं, म्हणजे पाणी गाळायच्या बारीक जाळीच्या पिशवीचं बघा. २०० मायक्रॉनचा सॉक गाळ झकास पकडतो, पाणी चकाचक दिसतं. पण पकडलेला गाळ त्याच वाहत्या पाण्यात बसलेला असतो. चहाच्या गाळणीत चोथा अडकला आणि वरून गरम पाणी ओतत राहिलात तर रंग उतरतच राहतो, तसंच. दोन-तीन दिवसांत सॉक बदलणार असाल तर लावा, महिनाभर तसाच ठेवणार असाल तर काढून टाका, खरंच सांगतो, नसलेला बरा. तेच कॅनिस्टर फिल्टरचं (बाहेर ठेवायचा बंद डब्यातला फिल्टर), तेच सम्पमधल्या, म्हणजे खालच्या जोडटाकीतल्या स्पंजचं. रोलर मॅट मला आवडते ती एवढ्याच कारणासाठी, घाण लागलेला कागद आपोआप पाण्यातून वर गुंडाळला जातो.

स्कीमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा फेस करून घाण वर ओढणारं यंत्र, आणखी चांगला, कारण तो वस्तू कुजायच्या आधीच कपात काढून ठेवतो. पण त्याच्यावर सगळं सोडून द्यायचं नाही. अमेरिकेत पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे केमिस्ट केन फेल्डमन यांनी वेगवेगळे स्कीमर मोजून बघितले आणि पाण्यातल्या मोजता येणाऱ्या ऑरगॅनिक कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच निघतो असं दिसलं, महाग असो की स्वस्त. फेसाला जे चिकटतं तेच तो काढणार, बाकीचं तसंच राहणार. आणि स्कीमरची मान, म्हणजे फेस वर चढतो ती नळी, आतून पुसत जा, तिथे तेलकट थर बसला की फेस चढतच नाही आणि आपण उगीच पंपाला दोष देतो.

आता मुख्य मुद्दा, फ्लो, म्हणजे टाकीतला पाण्याचा प्रवाह. गाळ तरंगत राहिला तर ओव्हरफ्लोपर्यंत (जिथून पाणी खाली सम्पमध्ये जातं) पोचेल, सॉकमध्ये जाईल, स्कीमरमध्ये जाईल, काही कोरल खातील. खाली बसला की संपलं, तो तिथेच कुजणार. एसपीएस (बारीक पॉलिपची, कडक कोरल) असतील तर टाकीच्या पाण्याच्या ताशी २० ते ४० पट फ्लो लोक ठेवतात, पण आकड्यापेक्षा तो फिरतो कुठून ते बघा. नवीन टाकी लावताय त्यांनी तर हे आत्ताच लिहून घ्या: दगडांची भिंत मागच्या काचेला टेकवू नका, हात जाईल एवढी जागा सोडा, दगड कमी ठेवा आणि खालून पाणी जाईल अशा कमानी करा. ज्यांची टाकी लागलेली आहे त्यांनी आठवड्यातून एकदा मोठ्या पिचकारीने किंवा छोट्या पॉवरहेडने (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) दगडांवर फवारा मारायचा, ढग उठेल, उठू द्या, तासाभरात सॉक भरेल, मग तो सॉक लगेच काढा. शेवटचं वाक्य विसरलात तर आधीचं सगळं फुकट.

पाणी बदलण्याचा हिशोब सांगतो, कारण यात फार गैरसमज आहे. समजा आठवड्याला ५ पीपीएम (दहा लाखात ५ भाग) नायट्रेट तयार होतंय आणि तुम्ही आठवड्याला १० टक्के पाणी बदलताय. १० टक्के बदललं की नायट्रेटही १० टक्केच कमी होतं. मग आकडा चढत चढत ५० ला जाऊन थांबणार, कारण ५० चे १० टक्के म्हणजे ५, जेवढं येतं तेवढं जातं. नुसतं वरचं स्वच्छ पाणी काढून स्वच्छ पाणी भरणाऱ्यांचं असं होतं. तेच ३० लिटर तुम्ही नळीने वाळूतला गाळ ओढत काढलंत तर ज्याचं उद्या नायट्रेट होणार होतं तेही बाहेर गेलं. पाणी तेवढंच, मीठ तेवढंच, फायदा कितीतरी जास्त. आणि ताजा गाळ जास्त घातक असतो, जुन्या भुकटीतलं बरंचसं आधीच विरघळून गेलेलं असतं, त्यामुळे महिन्यातून एकदा मोठी सफाई करण्यापेक्षा दर आठवड्याला थोडी थोडी बरी.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, लाइट जाणं. २८ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे ७.८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.४ च्या आसपासच. मुळात कमी. पंप बंद पडले की मासे श्वास घेतायत, कोरल घेतायत आणि गाळातले बॅक्टेरियासुद्धा घेतायत. जेवढा गाळ जास्त तेवढा वेळ तुमच्या हातात कमी. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये तर ऑक्सिजन संपून सडका वास येतो, लाइट आल्यावर ते पाणी थेट टाकीत सोडू नका, आधी कॅनिस्टर धुवा. इन्व्हर्टरवर बाकी काही नको, एक वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) ठेवा, तो पाण्याचा वरचा थर हलवत राहिला तरी खूप झालं.

आता तुमचे प्रश्न. क्लीनअप क्रूबद्दल, म्हणजे घाण खाणाऱ्या प्राण्यांबद्दल विचारलंय. गोगलगायी ठेवा, हर्मिट क्रॅब ठेवा, वाळूत राहणाऱ्या नॅसॅरियस गोगलगायी तर वाळू हलवायला फारच छान. पण ते जे खातात त्याची शीच करतात, मोठ्या तुकड्याचा बारीक तुकडा होतो, जो उचलायला फ्लोला सोपा जातो, इतकंच त्यांचं काम. सी-ककंबर मात्र विचार करून. पॉवरहेडमध्ये अडकून फाटला तर त्याच्या विषाने टाकीतले मासे मरू शकतात. आणि मालवणला किंवा रत्नागिरीला ओहोटीला दगडांत दिसला म्हणून उचलून आणायचा विचारही करू नका, २००१ मध्ये सी-ककंबर आणि कोरल दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आली आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तो तिथे कुठलं काम करतोय ते सुरुवातीलाच सांगितलं.

फ्रोझन मायसिस (माशांना घालायची गोठवलेली बारीक कोळंबी) धुवून घालायचं का? गाळून घाला, हरकत नाही, पण फॉस्फेट मुख्यतः त्या मांसातच असतो, वितळलेल्या पाण्यात थोडाच. थोडं थोडं घाला आणि खाली पडायच्या आत संपतंय का बघा, धुण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मग सगळं शून्यावर आणायचं का? अजिबात नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवायला लागले की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव येण्याची शक्यता वाढते, वाळूवर तपकिरी चिकट धागे आणि त्यात बुडबुडे, आणि ते घालवणं हेअर अल्गी (केसांसारखं हिरवं शेवाळ) घालवण्यापेक्षा कितीतरी अवघड. कोरललाही खायला काहीतरी लागतंच. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास ठेवा म्हणेन. मासे पोटभर खाऊ देत, घाण भराभर बाहेर जाऊ दे, अशी टाकी मला उपाशी आणि चकचकीत टाकीपेक्षा जास्त निरोगी वाटते.

शेवटचा प्रश्न, चार-पाच वर्षांची जुनी टाकी आहे, वाळू कधीच साफ केली नाही, आता काय. सगळी एकदम ढवळू नका. खोल वाळूत काळे पट्टे दिसत असतील तर तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, शिवाय साठलेला सगळा गाळ एकदम वर आला तर अमोनिया चढतो आणि ऑक्सिजन पडतो. टाकीचे मनात चार भाग करा, एका पाणी बदलाला एकच भाग, नळी वाळूत घालून गाळासकट पाणी थेट बादलीत, मधे पाण्यात पसरू द्यायचं नाही. स्कीमर चालू, फिल्टरमधला कार्बन (कोळसा) ताजा, सॉक त्याच संध्याकाळी बदलायचा. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासायचा, ठीक असेल तर पुढचा भाग पुढच्या आठवड्यात, नसेल तर एक आठवडा थांबायचं.