कपाळावरची नागीण आणि अंगावरून गेलेलं वारं

(कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे इथे किती जणांनी ऐकलंय? बघा, बहुतेक सगळ्यांचे हात वर! अहो, ते जुळत नाही. नागीण एकाच नसेच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला उठते. घाबरायचं तर दुसऱ्याच गोष्टीला, आणि तिचं नाव कोणी काढत नाही.

सदाशिव पेठेतल्या एका काकूंचं सांगतो. गणपतीत त्यांच्या डाव्या कपाळावर, भुवईपासून केसांपर्यंत फोड उठले. कुणीतरी मंडईतून गेरू आणून दिला. लेप झाले, खपल्या पडल्या, विषय संपला. दिवाळीच्या तोंडावर काकू चकल्या पाडत होत्या. सोऱ्याचा दांडा फिरवता फिरवता उजवा हात गळून पडला. चकली अर्धीच राहिली. सून विचारतेय, "आई, काय होतंय?" तर यांच्या तोंडून शब्द फुटेना. दमल्या असतील म्हणून घरच्यांनी झोपवलं. माझ्यापुढे आल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मेंदूच्या धमनीतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ आदल्या रात्रीच गेली होती.

बीपी नाही, शुगर नाही. मग अंगावरून वारं का गेलं? कपाळावरचे फिकट डाग पाहिले आणि माझी ट्यूब पेटली.

लहानपणी कांजिण्या येऊन जातात, विषाणू मात्र जात नाही. नसांच्या मुळाशी असलेल्या गाठींत तो दडून राहतो. वयानं प्रतिकारशक्ती ढिली पडली की नसेवरून कातडीवर उतरतो, तीच नागीण. आता गंमत अशी, की चेहऱ्याच्या नसेच्या त्याच गाठीतून काही तंतू मेंदूच्या धमन्यांकडेही जातात. विषाणूला ती वाटही मोकळीच! धमनीची भिंत सुजते, आतली जागा अरुंद होते, गुठळी धरते. हे व्हायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. आणि मेंदूची डावी बाजू चालवते उजवं अंग. म्हणून डावं कपाळ, डावी धमनी आणि उजवा हात. मुलांमध्येही कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी क्वचित असा झटका येतो.

काकूंच्या पाठीतलं पाणी तपासलं, त्यात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध दिलं. आता बोलतात छान, सोऱ्या मात्र सून फिरवते.

तेव्हा कपाळावर किंवा डोळ्याभोवती फोड दिसले तर गेरू राहू द्या, ७२ तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू करा. नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आहे, दोन डोसची. महाग आहे, खरंय.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर १०८ला फोन लावा. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना नागिणीचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. काकूंच्या मुलाला मी नंतर विचारलं, आधी का नाही बोललात? तो म्हणाला, "डॉक्टर, ते तर बरं झालं होतं ना!"