काळे झगे आणि मातीचा किल्ला

माईक मागपर्यंत येतोय ना? बरं. मला चाळीस मिनिटं दिलीयेत आणि विषय आहे 'त्सापरांगचा किल्ला कसा पडला', तर तो पडेलच, काळजी करू नका, पण आधी तिथे पोचायला तर हवं.

पश्चिम तिबेट, सतलजचं खोरं. त्सापरांग ही तिथल्या जुन्या गुगे राज्याची राजधानी. आपल्यासारखा काळा कातळ नाही हो, पिवळसर मातीचा डोंगर, वारुळासारखा पोखरलेला, शेकडो गुहा, भुयारं. खाली लाल मंदिर, पांढरं मंदिर, माथ्यावर राजवाडा आणि वर जायचं तर डोंगराच्या पोटातल्या भुयारातून. थंडीसाठी राजाने आतच वेगळा महाल खोदून घेतला होता.

आता माझा आवडता माणूस. (घरी म्हणतात, झालं सुरू.) अंतोनियो द अंद्रादे, पोर्तुगीज, जेझुइट संघाचा ख्रिस्ती पाद्री, आधी गोव्यात मग आग्र्याला. मार्च १६२४ मध्ये हा गडी हिंदू वेष करून बद्रीनाथच्या यात्रेकरूंत मिसळला. गढवालच्या श्रीनगरात धरला ना त्याला! कोण, कुठला? म्हणे पोर्तुगीज आहे, तिबेटात भाऊ आहे त्याला भेटायला चाललोय. सामान उघडलं तर आत पाद्र्याचे लांब काळे झगे. आता काय सांगणार? तर म्हणाला, भाऊ मेलेला निघाला तर सुतकाला लागतील म्हणून आणलेत. आपल्याकडे सुतकाला काळं कोण नेसतं, पण सोडलं बघा त्यांनी! पुढे माणा खिंड, साडेपाच हजार मीटरच्या वर, पहिल्यांदा बर्फामुळे मागे फिरला, हातपाय इतके बधीर की बोटाचा तुकडा पडला तो रक्त दिसल्यावर कळलं असं त्यानेच लिहून ठेवलंय. ऑगस्टमध्ये त्सापरांगला पोचला एकदाचा.

आणि हा माणूस शेवटी गोव्यात विषप्रयोगाने मेला, १६३४ साली. मी जुन्या गोव्यात एका गाईडला विचारलं, अंद्रादेबद्दल काही सांगा की. तो म्हणाला, कोण, फुटबॉलवाला? मला तेच बोचतं. तिबेटातला एक किल्ला पडला त्याची एक दोरी गोव्यात अडकलीय आणि तिथे कुणाला पत्ता नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अहो पण किल्ला उभाच आहे अजून!

तर पटकन. राजाला पाद्री आवडला. १६२६ च्या ईस्टरला चर्चचा पाया घातला, पैसे राजाचे. राजाचा सख्खा भाऊ मुख्य लामा, त्याच्याशी आधीच वाकडं, त्यात राजाने मठांच्या उत्पन्नावर हात घातला, लामांना संसारी करायला निघाला. अंद्रादे गोव्याला जेझुइटांचा प्रांतप्रमुख म्हणून गेला आणि इकडे १६३० मध्ये राजा आजारी पडल्याचं बघून लामांनी उठाव केला, लडाखचा राजा सेंगे नामग्याल याला बोलावलं. वेढा पडला. डोंगर चढता येईना म्हणून लडाख्यांनी पकडलेल्या लोकांकडून दगडी बुरूज रचायला घेतला, त्यांचे हाल बघवेनात म्हणून राजा खाली आला असं तिथे सांगतात. कागदोपत्री भावाने मध्यस्थी केली, राजा वाटाघाटीला उतरला आणि त्याला धरून लेहला नेलं. फितुरी, दुसरं काय, आपल्याला नवीन आहे का ती!

१९४८ मध्ये मुंबईची पारशी चित्रकार ली गोतमी त्सापरांगला गेली, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला काढल्या. नंतर चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत मूर्ती फोडल्या, चित्रं बरीच वाचली. स्लाइड आणल्या होत्या, पण ते काका केव्हाचे चहाची किटली घेऊन दारात उभे आहेत.