वाशी आलं तरी गाणं संपेना

1 फेब्रुवारी 2008 च्या रात्री मी बीकेसीच्या मैदानातून ठाण्याला परतलो तेव्हा घसा इतका बसला होता की रिक्षावाल्याला पत्ता खुणेने सांगावा लागला. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडला प्रत्यक्ष ऐकून आलो होतो. तेव्हा आज जी कुरकुर करणार आहे ती घरच्या माणसाबद्दलची आहे, एवढं लक्षात असू द्या.

'सेन्जुत्सु' हा त्यांचा अल्बम 2021 च्या सप्टेंबरात आला. गाणी दहा, मिनिटं जवळपास 82. 1982 चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' आठ गाण्यांत जेमतेम 40 मिनिटांत आटोपतो. हां, आता तुम्ही म्हणाल, लांबीची तक्रार आणि ती ठाण्यात? राम मराठे महोत्सवात विलंबित ख्याल ऐकत मांडी न मोडता बसणारी माणसं आपण! कबूल. पण विलंबितात दर आवर्तनाला राग थोडा थोडा उलगडतो. समेवर येताना गवई काहीतरी नवं घेऊन येतो. इथे बँडचा म्होरक्या स्टीव्ह हॅरिस बास गिटारवर हळूच सुरुवात करतो, मग गिटार एक धून धरते, मग गायक ब्रूस डिकिन्सन तीच धून गातो, खाली कीबोर्ड तीच धरून बसलेला. 1999 पासून बँडमध्ये तीन गिटारवाले आहेत हो! आणि तिघं मिळून एकच ओळ घोटतात.

वय झालं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. डिकिन्सन जिभेच्या कॅन्सरमधून उठला आणि साठी ओलांडून हे गायलाय. वरच्या पट्टीत ओढाताण होते, पण जोर आहे. उणीव आहे ती 'पुरे' म्हणणाऱ्याची. पूर्वी अल्बम तबकडीवर यायचे, आणि तिच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. जास्त भरलं तर खाचा दाटतात, आवाज बारीक होतो. म्हणजे काटछाट तबकडीच करून घ्यायची. 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह'वर तेरा मिनिटांचं गाणं आहेच की, पण त्यात मधेच सगळं थांबतं, जहाजाची लाकडं करकरतात, आणि आपण श्वास धरून बसतो. आता सीडी दोन घ्या, नाहीतर फोनवर ऐका, अडवणारं कुणी नाही. निर्मितीत केव्हिन शर्ली आहे, पण जोडीला स्वतः हॅरिस. स्वयंपाक करणाराच चव घेऊन सांगणार, छान झालंय!

शेवटची तिन्ही गाणी एकट्या हॅरिसची, प्रत्येक दहा मिनिटांच्या वर. ठाण्याहून वाशी लोकल सुटताना ती लावून पाहिली. ऐरोलीपर्यंत पहिलं, तुर्भ्याच्या आसपास दुसरं, आणि वाशी आलं तरी तिसरं चालूच. गंमत म्हणजे अख्ख्या अल्बममध्ये मला मनापासून आवडलेलं तेच. गाडीतून उतरलो आणि ते संपेपर्यंत फलाटावरच्या बाकड्यावर बसून राहिलो.