उशिराने दिलेला जबाब

फिर्यादीच्या कागदावर दोन तारखा असतात, घटनेची आणि तक्रारीची. या दोहोंमध्ये कधी आठवडे जातात, कधी वर्षे, आणि उलटतपासणीत “इतका उशीर का झाला?” हा प्रश्न हमखास येतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या गुरमित सिंग खटल्यात मान्य केले की अब्रूच्या भीतीने कुटुंबे पोलिसांकडे जायला कचरतात, त्यामुळे केवळ उशिरावरून तक्रार खोटी ठरत नाही. अत्याचारानंतरच्या मौनावर चित्रपट करायचा, तर त्याची कथा या मधल्या दिवसांत आहे.

ही परळची चाळ. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, बाहेर सामायिक गॅलरी. इथे रडायलाही आडोसा नाही. नळाला पाणी आले की कथेतल्या त्या मुलीला हंडा घेऊन उभे राहावे लागते, ठरलेली लोकल गाठावी लागते, आणि शेजारच्या काकूंनी “तोंड का गं उतरलंय?” असे विचारले की “पित्त झालंय” म्हणून वेळ मारून न्यावी लागते. बोललो तर नोकरी सोडायला लावतील, धाकटीचे लग्न अडेल, हा हिशेब मनात चालूच असतो. मुंबईच्या सिनेमाने बराच काळ हे दिवस गाळले आणि अत्याचारानंतर थेट तिची आत्महत्या किंवा नायकाचा सूड दाखवला. पित्ताची सबब कुणाला नाट्यमय वाटली नसावी.

कायद्यानेही मौनाचा अर्थ उलटा लावला होता. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले. परंतु १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही अशा कारणांवरून, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये मुंबईतल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीसारख्या प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे स्पष्टीकरण बलात्काराच्या कलमात यायला २०१३ उजाडले. पडद्यावर मात्र फाटलेला पदर आणि ओरखडे दाखवल्याशिवाय प्रेक्षकाचा विश्वास बसणार नाही, असे अनेक दिग्दर्शकांना अजूनही वाटते.